खालानं दिलेलं पान

काल शेजारच्या बाईंनी ब्रह्मकमळ उमलतंय म्हणून बघायला बोलावलं. दार उघडलं, तो वास आला आणि मी उंबऱ्यातच थबकले.

लग्न होऊन मी सिरसाळ्यात नवी होते, तेव्हा भिंतीपलीकडच्या खालानं मला या झाडाचं एक पान दिलं होतं. तिच्या नवऱ्याचा फळांचा गाडा होता. "अर्धं मातीत खुपस, बेटी. पाणी लई घालू नको, सडतंय," ती म्हणाली होती. तिसऱ्या वर्षी कळी धरली, तेव्हा माझ्याहून जास्त तीच हरखली. "उमलंल त्या दिवशी मला हाक मार."

कळी टपोरी झाली त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला गल्लीत बोलावणं करायला पाठवलं. "खालाकडं जाऊ नको. पूजा हाय." मी गुमान तिचं दार सोडून पुढच्या घरी गेले. रात्री फूल उमललं, हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. टाळ्या मीही वाजवल्या.

सकाळी खाला भिंतीशी आली. फूल मान टाकून लोंबत होतं.

"कव्हा उमललं गं?"

"कळलंच न्हाई, खाला. आमी झोपलो होतो."

हे खोटं मला सासूबाईंनी शिकवलं नव्हतं.

तिनं पाकळ्यांवरच्या कुंकवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"असू दे, बेटी. वास आमच्याकडं बी आलता," ती म्हणाली. "आरती बी आलती."