वांझ नव्हती आमची लाडी

मित्रांनो, सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये.

आज काष्टीत डॉक्टरांनी आमच्या घोडीच्या गर्भाशयात स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी सोडल्या. आतली सूज हटत नाही, म्हणून ती गाभण राहत नाही. “उपचार नवा आहे, खात्री देत नाही,” असं ते आधीच म्हणाले.

नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, आमच्या तेव्हाच्या घोडीचं, लाडीचंही असंच झालं होतं. औषधांनी गुण येईना, तेव्हा वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, तिला वांझ म्हणून बाजारात विकलं.

आज डॉक्टरांचं ऐकून तात्या म्हणाले, “म्हंजी लाडी आजारी हुती व्हय? मी तिला लई मारलं हुतं वो, डॉक्टर.”



तात्या अजून घोडीपाशीच बसलेत, जेवायला येत नाहीत. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?