डोमाजीचा झुलता ठेका

बेला गावच्या डोमाजीनं डफडं हाती घेतलं की वरातीतली म्हातारी माणसंही पायांनी ठेका धरत. १९३५ साली तो पोटासाठी सिकंदराबादेत गेला आणि गोऱ्या अफसरांच्या एका क्लबात बश्या विसळायला लागला. तिथं रोज संध्याकाळी मिंगेल मास्तरांचा बारा जणांचा विलायती नाचगाण्यांचा बँड वाजे. एकदा ड्रमवाला तापानं पडला. स्वयंपाकघरात पातेल्यावर वाजणारी डोमाजीची बोटं मास्तरांनी ऐकली होती. त्यांनी त्यालाच ड्रमपुढं बसवलं.

"जल्दी नहीं, डोमाजी. ताल को झूलने दो."

दोन हात, दोन पाय आणि प्रत्येकाला वेगळं काम. उजवा हात मोठ्या झांजेवर जरा रेंगाळत, जरा उडी घेत चालायचा. डाव्या पायाखालची झांज दर दुसऱ्या ठोक्याला मिटायची. शिकण्यात वर्ष गेलं. पण मग बँडातले कर्णे फुंकणारे कर्णेवाले त्याच्या हाताकडं बघूनच श्वास घेऊ लागले.

लढाई लागली, पलटणी गेल्या, क्लबाला कुलूप लागलं. मास्तर मुंबईला गेले, डोमाजी बेल्याला.

पहिल्याच वरातीत माणसांची पावलं अडखळली. नवरदेवाचे मामा भगवानराव ओरडले, "सरळ वाजव ना बे! काऊन लंगडून राह्यला?"

डोमाजीनं दात आवळून सरळ ठोका शोधला, तो सापडेचना. हात आपोआप झुले. दोन लग्नसरायांनंतर त्याला कुणी बोलावलं नाही. मग आदिलाबादेत सरकी काढायच्या कारखान्यात तो मजुरीला लागला. दिवसभर यंत्रांचा धडधडाट. सहा-सात वर्षांनी बायको जयवंताबाई मागून हाक मारी आणि तो वळत नसे.

अशात मास्तरांचं पत्र आलं. हैदराबादेत नवा बँड उभा राहत होता. डोमाजीची जागा ठेवली होती.

जयवंताबाई तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "माझा बोल ऐकू येत नाई तुमाले. तिथं काय ऐकसान?"

"ताल हातात हाय वं माझ्या," तो म्हणाला, आणि गेला.

तालमीत पहिलं गाणं बरं गेलं. हात काहीच विसरले नव्हते. दुसऱ्यात मधेच सगळ्यांनी थांबायचं होतं, कर्णेवाल्यानं एकट्यानं वाजवायचं होतं. सगळे थांबले. डोमाजी डोळे मिटून, हसऱ्या तोंडानं वाजवतच राहिला. कुणाला हसू आलं, कुणी खाली बघितलं. शेवटी मास्तरांनी येऊन झांज मुठीत धरली. डोमाजीनं डोळे उघडले. मास्तरांचे ओठ हलत होते. त्यानं मान डोलावली, काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि उठला.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा कारखान्यात उभा होता. त्यानंतर त्यानं कशावरही बोट वाजवलं नाही, मांडीवरसुद्धा नाही.