मागून झाल्यावर निजू नये

माझ्या सासूबाई स्वतःच्या उजव्या हाताशी भांडत असत. खाटेवर पडल्या पडल्या डाव्या हातानं तो उचलून पोटावर ठेवायच्या आणि त्याला दटावायच्या, "एवढी वर्षं माझ्या जिवावर जेवलास, आणि आता रुसून बसलास होय रे?" नवख्याला वाटावं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण डोकं चांगलं शाबूत होतं. गेलं होतं ते उजवं अंग.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, माडांच्या वाडीत होतं. सासरे मी यायच्या आधीच वारलेले. नारळाची सोडणं कुजवायची, बडवायची आणि त्यातून निघालेल्या काथ्याचं सुंभ वळायचं, या कामावर सासूबाईंनी एकुलत्या मुलाला वाढवलं. बंदरावरचे खलाशी त्यांच्या हातचं सुंभ मागून नेत. मुलगा मुंबईला गोदीत लागला, आमचं लग्न झालं, आणि मुंबईला जायचं म्हणून मी बोचकी बांधत होते, तेव्हाच एका सकाळी सासूबाई विहिरीवर कोसळल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात आणि पाय लुळे पडले. डॉक्टर पाहून गेले. जाताना अंगणात उभं राहून हलक्या आवाजात म्हणाले, की जीव राहिला हेच पुष्कळ समजा, आता उठणं कठीण.

यजमान बोटीनं आले, चार दिवस राहिले. निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, की आई आहे तोवर तू इथंच राहायचं. मी मान हलवली. दुसरं काय बोलणार? पण भिंत कुडाची आणि पलीकडे सासूबाईंची खाट. दुपारी मी पेज भरवायला बसले तर त्यांनी ओठ मिटून घेतले. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "त्यानं तुला माझ्या खाटेला बांधलान् गो. ही गाठ मलाच सोडवायला हवी."

शेजारी त्यांच्या जाऊबाई राहत. त्यांनी गुरवाकडून देवीला कौल लावून घेतला. तो काही चांगला मिळाला नाही, म्हणून डोळे पुसत आल्या. किल्ल्यावरच्या भगवतीचं नाव घेतल्याशिवाय सासूबाई सकाळी पाण्याचा घोट घेत नसत. तरी कौलाचं ऐकून त्या डगमगल्या नाहीत. दुसऱ्यानं विचारलं ते देवीनं दुसऱ्याला सांगितलंन्, माझं मी विचारीन, असं म्हणाल्या. आणि मग, आयुष्यभर त्या जे म्हणत आल्या, तेच पुन्हा म्हणाल्या: "देवीजवळ मागताना लाजू नये, आणि मागून झाल्यावर निजू नये."

निजल्या मात्र खरंच नाहीत. मी तेल कोमट करून अंग चोळी, तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीनं शेकी. त्यांनी माझ्याकडून वाशाला जाड दोर बांधून घेतला आणि डाव्या हातानं तो धरून उठून बसायला शिकल्या. बसता यायला लागल्यावर काथ्या मागितला. मेलेल्या तळव्यावर काथ्याचे पेड ठेवायचे आणि वरून डाव्या तळव्यानं वळत राहायचं. त्यातून सुंभ कसलं होणार? संध्याकाळी नुसता गुंता उरे. तो मी टाकायला निघाले की म्हणत, "राहू दे. उद्या तोच सोडवीन. बोटांना काम नको?" वळताना तोंडानं देवीची आरती चालू असे. आधी ती कुणाला समजत नव्हती. हळूहळू शब्द ओळखू येऊ लागले.

एक दिवस उजवा अंगठा हलला. मी जाऊबाईंना हाक मारणार, तर सासूबाईंनी मला गप्प केलं. उद्या नाही हलला तर लोक कीव करतील, आणि कीव अंगाला चिकटते, म्हणाल्या.

पावसाळ्यात त्या भिंत धरून उभ्या राहू लागल्या. श्रावणात मी वाडीत गेलेली पाहून एकट्याच अंगणात उतरल्या आणि शेवाळावरून घसरल्या. कपाळाला खोक पडली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दोराला हात लावला नाही, काथ्या मागितला नाही, आरतीही म्हटली नाही. मी फार घाबरले. पायाशी बसून म्हटलं, "आई, मला नाही जायचं मुंबईला. मी इथं सुखात आहे." मी ते मनापासून बोलले होते.

तोंड न वळवताच त्या म्हणाल्या, "उद्या अंगणात चुलीची राख पसर. म्हणजे पाय सरकायचा नाय."

नवरात्रात त्या भगवतीला निघाल्या. डोलीतून नेऊ म्हणणाऱ्यांना त्यांनी हात जोडले. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. दिसेल त्या दगडावर बसत, दम घेत, सकाळी निघालेल्या आम्ही उन्हं डोक्यावर आल्यावर देवळात पोचलो. ओटीचा नारळ त्यांनी उजव्या हातानं ठेवला. हात थरथरत होता, म्हणून डाव्याचा आधार दिला, एवढंच. मोठ्यानं म्हणाल्या, "आल्ये हो मी. बळ तू दिलंस, कष्ट मी केले. आता माझ्या सुनेला जाऊ दे."

दिवाळीला यजमान आले. आईला चुलीपुढं बसून भाकरी थापताना पाहून दारातच उभे राहिले. तरी तिला एकटीला कसं ठेवायचं, म्हणून घुटमळत होते. सासूबाईंनी त्यांना सरळ विचारलं, की शेजारी जाऊ आहे, किल्ल्यावर देवी आहे आणि घरात मी आहे, मग एकटी कोण?

आम्ही निघालो तेव्हा त्या बंदरापर्यंत चालत आल्या. आगबोट बाहेर नांगरलेली, तिच्यापर्यंत पडावातून जायचं. मला हुंदका आवरेना. त्यांनी माझ्या पदराचं टोक नीट खोचलं आणि म्हणाल्या, "जा. संसार कर. माझ्यासाठी रडून माझे कष्ट वाया घालवू नको."

पडाव हलला. मी वळून पाहिलं तर त्या निघाल्यासुद्धा होत्या. काठी टेकत, उजवा पाय जरा फरफटत, कुणाचा हात न धरता चढण चढत होत्या. एकदाही मागे वळल्या नाहीत. वळल्या असत्या तर तोल गेला असता, हे त्यांना आणि मला, दोघींनाही ठाऊक होतं.