बिनगुळाची लापशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्ही तिऱ्हाईत, म्हणून सांगते.

मी लठ्ठ आहे, लहानपणापासूनच. मला त्याचं फारसं काही नव्हतं — पण धाकट्या दिरांना होतं. भाऊजी आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन. ते स्वतः काय सडपातळ होते? जीपमध्ये बसले की गाडी त्यांच्या अंगाला कलायची. पण पुरुषाचं पोट म्हणजे वजनदार माणूस, आणि बाईचं म्हणजे हसायचा विषय.

दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी काढली. नारळ फोडायला सगळा गाव जमला होता, मी आरतीचं ताट घेऊन उभी. भाऊजी माईकवर म्हणाले, "आमच्या वहिनीचं नाव पहिलं लिव्ह बे. दोन म्हशींचा चारा लागतो एकटीला!" गाव हसला. माझा नवरा हसला. मीही हसले — दुसरं काय करणार होते? पण त्या दिवसापासून मी संधीची वाट बघत होते.

पुढं भाऊजींना धाप लागायला लागली, शुगर निघाली. पुण्याला जाऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करून आले — गुपचूप. लोक टँकरमागं पळतायत आणि चेअरमन जास्तीचं खाणं सुटावं म्हणून पोट कापून घेतोय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? मग गावात सांगितलं, कपिलधारच्या देवाला नवस बोललोय — पाऊस पडून छावणी उठेपर्यंत अन्न नावापुरतंच. लोकांना ते खरं वाटलं. म्हाताऱ्या बाया त्यांच्या पाया पडायला लागल्या. आणि इकडं मी त्यांच्यासाठी मुगाचं पाणी गाळत बसलेली.

घरातलं त्यांचं जेवण बघवत नसे, हेही खरं. लेकराच्या वाटीत मावेल एवढं खाणं, आणि तेही चावून चावून पीठ करायचं. जेवताना पाणी नाही. घाईत एक घास जास्त गेला की छातीत अडकायचा, मोरीकडं पळायचे. वाटी संपली तरी हात सवयीनं ताटाकडं जायचा आणि रिकामाच परत यायचा. एकदा राहवलं नाही, गुळाचा खडा तोंडात टाकला. थोड्या वेळानं घामानं निथळले, हात थरथरायला लागले, पोटात मुरडा आला. सगळी दुपार आडवे होते. डॉक्टरांनी बजावलंच होतं, गोड नाही. ती दुपार मी नीट ध्यानात ठेवली. कशासाठी? ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल. पण ठाऊक होतं.

पाऊस झाला, छावणी उठली. चेअरमनचा नवस थाटात फेडायचा, असं गावानंच ठरवलं. सोसायटीच्या पटांगणात गुळाच्या लापशीची पंगत. नवसाच्या पानात टाकलं तर नवस फिरतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणजे सगळ्यांसमोर पान साफ करायचं. आपल्याच थापेत सापडले की नाही?

तोड काढली भाऊजींच्या बायकोनं, माझ्या धाकट्या जावेनं, रेखानं. वेगळ्या पातेल्यात थोडी बिनगुळाची लापशी शिजवली. रंग यावा म्हणून भरडा जरा जास्त भाजला. पातेलं माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, हे त्यांनाच वाढा. तुमच्याबिगर माझा कुणावर भरवसा न्हाई."

मी ते पातेलं गोठ्यात नेलं. वासरापुढं रिकामं केलं. मग त्यातच मोठ्या कढईतली लापशी भरली, वर तूप सोडलं आणि भाऊजींच्या पानात वाढली. पहिल्या घासाला त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "घ्या भाऊजी, नवसाचं हाय. पानात टाकू नका." सगळा गाव बघत होता. त्यांनी खाल्लं. मी आणखी वाढली.

पंगत उठायच्या आत ते उठले. सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीपर्यंतही पोचले नाहीत. ओकले, घामाघूम झाले, धोतर खराब झालं. लोक म्हणाले, नवसात खोट होती. मला काय वाटलं? — गार वाटलं. लई गार.

घरी विचारणा झाली. मी म्हणाले, रेखानं दिलं तेच वाढलं. रेखानं पातेल्याच्या कडेला बोट लावून चाटलं. गोड. तिचा तो चेहरा — नाही, तो मला सांगता येत नाही. "माझा जीव घ्यायला निघालतीस व्हय?" म्हणत भाऊजींनी तिला तलवाड्याला, माहेरी धाडलं. दिवाळीला भावानं आणून सोडली. तिनं माझ्याकडंच रडून सांगितलं — "माझ्याच हातून भांडं बदललं असंल, ताई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, होतं गं असं.

भाऊजींचं मला आजही वाईट वाटत नाही. तेही सांगून टाकते.

रेखा मात्र त्यांची प्रत्येक वाटी आधी स्वतः चाखते. तेवढ्यानं तिचं भागत नाही. मग माझ्यापुढं धरते. "ताई, बघा बरं, गोड न्हाई ना?" मी चाखते. नाही म्हणते. मग निर्धास्त होऊन ती वाटी आत घेऊन जाते.