टेटू, बुरशी आणि मामा

अख्ख्या मानवजातीचा निकाल दोन शब्दांत लावणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांच्या मते माणसं दोनच प्रकारची: टेटू आणि बुरशी. टेटू म्हणजे औषधी मुळ्यांपायी खणून खणून संपत आलेलं झाड, कुणाचं काही न घेता आपल्या जागी उभं. बुरशी म्हणजे बुंध्यांवर पंख्यासारखी वाढणारी. कुठेही उगवते आणि दुसऱ्याच्या जिवावर जगते. साखरशेतच्या शाळेत शिक्षक असताना ते मुलांनाही याच हिशेबाने ओळखत. लग्नात पंगतीला वाढणारा टेटू, तिसऱ्यांदा जिलबी मागणारा बुरशी. मी अर्थातच बुरशी. "जावई सणासुदीला उगवतो. वाईट वाटून घेऊ नका जावईबापू, शास्त्र आहे!"

मामी गेल्यावर जव्हारला आमच्याकडे राहायला या, म्हणून बायकोने किती विनवलं. "भाचीकडे राहून बुरशी होऊ?" हे एकच उत्तर. त्यांच्या बांधावर एक टेटू होता, पंचक्रोशीतला शेवटचा, असं तेच सांगायचे. त्याच्या तलवारीएवढ्या शेंगांतलं बी धरून नवी झाडं करायची, हा त्यांचा ध्यास. पण उन्हाळ्यात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन पालापाचोळ्याने जाळून तयार करायला, लोक दिसेल त्या झाडाच्या फांद्या उतरवतात. म्हणून मामांनी एका पहाटे बुंध्याला चक्क शेंदूर फासला. देवाला कोण कोयता लावणार?

कुणीच लावला नाही. उलट लोक नारळ फोडू लागले, तेल ओतू लागले. बुंधा कायम ओला. पावसाळ्यात त्यावर दोन्ही बाजूंनी टम्म बुरशी उगवली! मामा खुरपं घेऊन धावले, तर शेजारची म्हातारी आडवी आली. "गुरुजी, हात नको लावू! देवाला कान आलंत. आता नवस आयकल." दुसऱ्या दिवशी कानांनाही शेंदूर लागला. मामा रोज त्या कानांपाशी वाकून "कृपया निघा" असं सांगून येत.

पुढच्या वादळात आतून कुजलेला टेटू आडवा झाला. मामा उरलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "आता बुरशी मीच," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते दोनदा बोलावल्याशिवाय पानावर बसेनात, दुसरी भाकरी मागेनात. मला कुणी बुरशी म्हणेना आणि घर सुनं सुनं वाटायला लागलं. कागदासारखं ते बी त्यांनी गॅलरीत जुन्या डब्यात पेरलं होतं. परवा त्यातून दोन पानं वर आली. मी बघायला वाकलो, तर पाठीमागून आवाज आला, "सरका जावईबापू! बुरशीसारखे अंगावर येऊ नका त्याच्या."

खरं सांगतो, मला भरून आलं.