घरचाच माणूस

पुण्याला नोकरीला गेलेल्यांची घरं आमच्या मंगरूळपीरला कुलूप लावून पडलेली असतात. ती सांभाळायची, भाडेकरू बघायचा, मोटर जळली तर मिस्त्री बोलवायचा, हा धंदा मी सुरू केला तेव्हा घरांच्या व्यवहारातलं मला काडीचं कळत नव्हतं. बायको म्हणाली, "आपलं घर सांभाळनं होत नाही तुमच्यानं, लोकायचं काय सांभाळता!"

पहिलं घर दिलं माझ्या वर्गमित्रानं. करारपत्राचा विषय काढला तर तो भडकलाच. "अबे, तू घरचाच. तुह्यासंगं कागद करू का आता?" मला लाज वाटली, आणि छातीही फुगली. आमच्याकडे आपल्या माणसाशी कागद करणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं.

एक टेलर बायकोपोरीला घेऊन तिथं राहायला आला. त्याची एकच अट होती: पोरीची दहावीची परीक्षा होईपर्यंत घर सोडायला लावायचं नाही. मी मित्राला फोनवर विचारलं. "राहू दे ना," तो म्हणाला. मग मी टेलरला जबान दिली.

संक्रांतीनंतर एक अनोळखी माणूस टेप घेऊन अंगण मोजताना दिसला. घर त्यानं विकत घेतलं होतं. मित्र गावात येऊन, रजिस्ट्री करून, मला न भेटता परत गेला होता. मी लगेच फोन लावला.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले कायले सांगा लागते? तू तं घरचाच. त्या टेलरले म्हन, महिन्याभरात खाली कर."

परका असतो तर निदान नोटीस तरी मिळाली असती. मी दहावीचं सांगितलं, भांडलो, शेवटी शिव्या घातल्या. त्यानं फोन कापला. इतका संताप मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

टेलरला सांगायला मलाच जावं लागलं. खरं ते सगळं सांगितलं, पण त्याचा विश्वास बसला नाही. का बसावा? घर दाखवणारा मी, चावी देणारा मी, जबान देणाराही मीच.

परीक्षा तोंडावर असताना दारात टेम्पो लागला. पोरगी पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली. शिलाई मशीन उचलायला मी हात घातला, तेव्हा आजवर मला भाऊ म्हणणाऱ्या त्या माणसानं माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू द्या साहेब. आमी उचलतो."