गांडुळांची एकादशी

पंचवीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं की किस्से जमवावे लागत नाहीत. नको म्हटलं तरी साठतात. माझे सगळे एका टाकीतले आहेत.

नव्वदच्या आसपास मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, एका शिबिरात गांडूळखत पाहिलं. लगेच शाळेमागे सिमेंटची टाकी बांधून झाली. मला म्हणाल्या, "गांडुळं आणली की झालं!" अहो, झालं कुठलं? त्यांना रोज बघणार कोण? मे महिन्यात कोण येणार?

आधी वर्गांना पाळ्या लावल्या. सोमवारी आठवी, मंगळवारी नववी. पोरांचा उत्साह इतका, की पाळी नसलेलेही डबे रिकामे करायचे. टाकीत पोळीभाजी, लोणचं, एकदा तर अख्खा लाडू! निम्मी गांडुळं गेली. मी ओरडले तर एक मुलगी रडत म्हणाली, "बाई, पाहुण्यांना उपाशी कसं ठेवायचं?"

मग झाडलोट करणाऱ्या कमळामावशींना विचारलं. मावशी खाडीकाठच्या कोळ्यांच्या, मनाने मोठ्या. त्यांनी सुरमईची डोकी आणून घातली. "रोज पालाच का, बाय? त्यांना पन जरा चव नको?" पुढे महिनाभर डोंबिवलीतली यच्चयावत मांजरं आमच्या शाळेत हजर. पटावर घ्यायची तेवढी बाकी होती!

शेवटी आमचे शिपाई दत्ताराम स्वतःहून म्हणाले, "मी बघतो, बाई." राहायला मोहन्याला, माळकरी माणूस. मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा रोज यायचे. ओलं गोणपाट टाकीवर घालून शेजारी सावलीत बसायचे. मी कधी पेपर तपासायला गेले की चहा करायचे. काय शांत वाटायचं तिथे! ती सावली मला अजून हवीशी वाटते.

एकदा टाकीत ताजा पाला दिसला नाही.

"दत्ताराम, आज काही घातलं नाहीत?"

"बाई, आज एकादशी!"

"अहो, गांडुळांना कसली एकादशी?"

"आपल्यात राहतात ना?"

दुसऱ्या दिवशी पारण्याला पपई, दुधी, केळ्याची सालं, असा जंगी बेत! चातुर्मासात कांदा-लसूण बंद. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी तावातावाने माहितीपुस्तक उघडलं. त्यात छापलेलं, 'कांदा-लसूण घालू नये.' मी पुस्तक मिटलं.

नऊ वर्षं त्यांनी टाकी सांभाळली. निरोपसमारंभात शाल-नारळ झाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर माइकसमोर उभे राहून म्हणाले, "माझ्यामागं टाकी कोण बघणार, त्यांनी हात वर करा." सगळा स्टाफ चपलांकडे बघत बसला. मीसुद्धा. आई आजारी, ट्यूशन, घर... कारणं होती हो, पण तो हात वर केला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

वर्षभरात टाकी पाडून तिथे कॉम्प्युटर रूम झाली.

मग मी मोहन्याला त्यांना भेटायला गेले. गुडघे गेलेले, जिना उतरवत नव्हता. पहिला प्रश्न, "सध्या कोण बघतं?"

"मी बघते," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"चातुर्मास?"

"पाळतो आम्ही."

इतके हसले, इतके हसले! खोटं बोलल्याचं दुःख व्हायला हवं होतं, पण झालं नाही.

त्यांची सून डोंबिवलीतच नोकरीला. दुसऱ्या दिवसापासून ती ऑफिसला जाता जाता शाळेत डबा देऊ लागली. बारीक चिरलेली सालं, कांदा-लसूण काढून. "बाबा ऐकतच नाहीत हो, बाई." मी ती घरी नेते आणि गॅलरीतल्या कुंडीत पुरते.

काल डबा हातात घेतला तर हलका लागला. उघडला. स्वच्छ घासलेला, रिकामा!

"अगं, हे काय? आज काहीच नाही?"

"बाबा म्हणाले, आज एकादशी. पण डबा दे, नाहीतर बाईंना वाटेल मी विसरलो."